‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

‘पित्त झालंय’ असं सांगत चार बायका दवाखान्यात आल्या, तर त्या चौघींना चार वेगवेगळे आजार असू शकतात. पहिलीच्या छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. दुसरीचं अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो आणि एक उलटी झाली की मोकळं वाटतं. तिसरीच्या अंगावर गांधी उठल्या आहेत. चौथी आदल्या रात्री लग्नाचं जेवून आली आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की पहाटेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत होती. मराठीनं या चारही गोष्टींना एकच शब्द दिला आहे. पहिलीचा त्रास अन्ननलिकेचा. दुसरीची बहुधा अर्धशिशी. तिसरीचा आजार त्वचेचा, त्याचा जठरातल्या आम्लाशी काही संबंध नाही. चौथीच्या पित्ताशयात खडे असण्याची शक्यता मोठी. आणि या चौघी दवाखान्यात येण्याआधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एकच गोळी घेऊन आलेल्या असतात.

माझी एक मावशी सगळ्या नातेवाइकांत ‘पित्तप्रकृतीची’ म्हणून प्रसिद्ध होती. लग्नकार्यात तिच्यासाठी फोडणीविना भाजी वेगळी काढून ठेवायचे. पंधरा वर्षं तिनं मोरावळा, कोकम सरबत, सुंठ-साखर आणि कुणी कुणी सुचवलेल्या गोळ्या घेतल्या. शेवटी एकदा थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले, तेव्हा सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं. दहा-पंधरा मिनिटांची तपासणी. पण ती पंधरा वर्षांत कुणाला सुचली नाही, कारण दुखण्याला नाव आधीच मिळालेलं होतं.

म्हणून पोटाच्या तक्रारींविषयी माझी पहिली सूचना औषधाची नाही, बोलण्याची आहे. डॉक्टरांसमोर ‘पित्त’ आणि ‘गॅस’ हे दोन शब्द काढायचेच नाहीत, असं ठरवून पाहा. त्याऐवजी कुठे दुखतं ते बोटानं दाखवा. जेवणाआधी होतं की नंतर, झोपेतून जाग येते का, शौचाला झाल्यावर बरं वाटतं का, पाळीच्या कुठल्या दिवसांत वाढतं, हे सांगा. अर्धं निदान एवढ्यातच होतं.

सगळ्यांचं झाल्यावर

आता जळजळीचं पाहू. तिचं कारण अनेकदा पदार्थांपेक्षा घड्याळात सापडतं. साडेपाचला उठून रिकाम्या पोटी चहा, मग डबे, अंघोळी, अकरा वाजता दुसरा चहा, दुपारी दोननंतर उरलेल्या पोळ्या आणि कालची भाजी, कारण टाकून कसं द्यायचं? रात्री सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर दहाला स्वतःचं ताट, ओटा पुसला की साडेदहाला पाठ टेकलेली. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू दाराच्या झडपेसारखा काम करतो. पोट तुडुंब असताना आडवं झालं, की या झडपेवर उलटा ताण येतो आणि आम्ल वर चढतं.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तासांचं अंतर, हे यावरचं सगळ्यात परिणामकारक औषध आहे. घरचे साडेनऊला जेवत असतील, तर तुम्ही आठला जेवून घ्या. ‘सगळे बसले की मग मी’ ही रीत कुणी शास्त्रात लिहून ठेवलेली नाही. निदान भाकरी-भाजी आधी खाऊन नंतर सगळ्यांसोबत वाटीभर ताक घेत बसायला कुणाची हरकत नसावी. रात्रीचा त्रास फार असेल तर उशा वाढवू नका, त्यानं फक्त मान वाकते; पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचला. डाव्या कुशीवर झोपल्यानंही आम्ल कमी चढतं.

जळजळीचं दुसरं कारण पर्समध्ये असतं. पाळीत पोट दुखलं म्हणून, गुडघे दुखले म्हणून, डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड. या जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. कधीमधी, खाऊन घेतलेली गोळी बहुतेकींना सोसते. महिनोन्‌महिने, रिकाम्या पोटी, डॉक्टरांना न सांगता घेतलेली गोळी जठरात व्रण करते, आणि तो कधी कधी आवाज न करता रक्त गळवत राहतो.

पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. एक, ती सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. चहा-पोहे झाल्यावर आठवण आली म्हणून घेतली, तर निम्मं काम वाया जातं. दुसरी, ती काही आठवड्यांच्या उपचारासाठी दिलेली असते. अनेकींच्या डब्यात ती वर्षानुवर्षं मुक्काम करते. दीर्घकाळ घेतल्यास शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं. मात्र एकदम बंद केली तर जळजळ काही दिवस उसळते, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या खारात सोडियम असतं. रक्तदाब असलेल्यांनी त्याची सवय लावून घेऊ नये.

पूर्वी डॉक्टर मंडळी अल्सरचं कारण ‘हरी, वरी आणि करी’ असं गमतीनं सांगायची. घाई, काळजी आणि तिखट. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचं मिश्रण स्वतःच पिऊन दाखवलं आणि जठराचा दाह ओढवून घेतला; अल्सरमागे हा जिवाणू असतो, हे पुढे मान्य झालं. रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा जळजळ वारंवार उलटत असेल, तर या जिवाणूची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना विचारा. तो सापडला तर बहुधा दोन आठवड्यांचा प्रतिजैविकांचा कोर्स असतो, आणि तो पूर्णच करायचा असतो.

‘साफ होत नाही’

आता त्या तक्रारीकडे येऊ, जी बायका सगळ्यात शेवटी, उठता उठता, दाराशी थांबून सांगतात.

रोज सकाळी झालंच पाहिजे, हा आग्रह आधी सोडून द्या. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही बसलात तरी ते सर्वसाधारण आहे, फक्त कुंथावं लागता कामा नये आणि शौच कडक खड्यांसारखं नसावं. कुंथावं लागत असेल, झालं तरी अर्धवट वाटत असेल, तर मात्र ती बद्धकोष्ठता. मग भले रोज जात असाल.

सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून हालचाल करतं. निसर्गानं दिलेली ती वेळ. आणि नेमक्या त्याच वेळी कुकरची शिट्टी, शाळेची बस आणि सासऱ्यांचा चहा. ‘हे आवरलं की जाते’ म्हणत रोज दाबलेली संवेदना काही महिन्यांनी येईनाशी होते. चाळीत किंवा वस्तीत सार्वजनिक संडासाची रांग असेल, शेतावर आडोसा नसेल, दुकानात-बाजारात दिवसभर उभं राहायचं असेल, तर बाई आणखी एक युक्ती करते: पाणीच पीत नाही. मुंबईत स्त्री-संघटनांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली ती मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी. पण त्या मागणीशी आतड्यांचंही नातं आहे. शरीराला पाणी कमी पडलं, की मोठं आतडं शौचातलं पाणी ओढून घेतं.

खेड्यापाड्यांत आणि शहरातल्या वस्त्यांतही एक उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मशेरी. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे अगदी खरं सांगतात त्या. तंबाखूतलं निकोटिन आतडं हलवतंच. पण मग महिन्याभरात मशेरीशिवाय आतडं हलायला तयार नसतं, एकदाची दोनदा होते, आणि भाजलेली असली तरी ती तंबाखूच असते. तोंडाचा कर्करोग तिनं होतो. गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. मशेरी लावणाऱ्या बाईला नुसतं ‘सोड’ म्हणून उपयोग नाही, आधी तिच्या बद्धकोष्ठतेचं काहीतरी करावं लागतं. घरात किंवा कामाला येणाऱ्या कुणा ताई-मावशी मशेरी लावत असतील, तर पुढचं त्यांनाही सांगा.

सकाळी उठल्यावर पेला-दोन पेले पाणी, काहीतरी खाणं आणि मग दहा मिनिटं. मोबाइल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि मार्ग सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आपोआप साधतं. जेवणात पालेभाजी, कोशिंबीर, सालासकट फळ आणि अख्खी डाळ वाढवा, पण एकदम नव्हे. आज मैद्याचा पाव आणि उद्यापासून दोन वाट्या मटकीची उसळ असं केलंत, तर पोट फुगेल आणि ‘मला कडधान्य सोसत नाही’ असा समज होईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. पोळीचं पीठ चाळून कोंडा फेकू नका.

इसबगोल चांगलं, पण ते पाणी शोषून फुगतं, त्यामुळे चमचाभर इसबगोलबरोबर मोठा पेलाभर पाणी हवंच. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. थायरॉइड किंवा इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. बाजारी चूर्णांपैकी पुष्कळांत सोनामुखी असते. प्रसंगानं घ्यायला हरकत नाही. रोज रात्री लागत असेल तर तो प्रश्न डॉक्टरांकडे न्यायचा. गरोदर असताना एरंडेल किंवा अशी चूर्णं स्वतःच्या मनानं मुळीच घेऊ नका.

कधी कधी बद्धकोष्ठता दुसऱ्याच गोष्टीची खूण असते. वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, केस गळतात आणि पोट साफ नाही, असं एकत्र दिसलं तर टीएसएच तपासा. थायरॉइड मंदावण्याचा आजार पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात किंवा कुंथताना चुकीच्या दिशेनं आवळतात. शौचाला बोटानं दाबून मदत करावी लागणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं. शरमेनं वर्षं काढण्यासारखं त्यात काही नाही, याला स्नायूंचे व्यायाम असतात, उपचार असतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला जसं आहे तसं सांगा.

बाळंतिणीवरून आठवलं. ‘पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल’, ‘पालेभाजी नको, बाळाचं पोट दुखेल’ असं सांगून डिंक-मेथीच्या लाडवांवर भर देणाऱ्या घरांत बाळंतिणीला गुदद्वाराशी चीर पडते. तिला सगळे मूळव्याध म्हणतात. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं, कमी नव्हे. लाडू खाऊ द्या, अळिवाची खीर खाऊ द्या, पण तांब्या तिच्या उशाशी भरलेला असू द्या.

लोहाच्या गोळ्या

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी रोज, किमान १८० दिवस दिली जाते. गोळ्या मिळतात, पण डब्यात पडून राहतात, कारण त्यांनी मळमळतं, पोट घट्ट होतं आणि शौच काळं होतं. काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा-कॉफीपासून तासभर दूर ठेवा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका. लिंबू पिळलेलं काहीतरी सोबत असेल तर लोह जास्त मुरतं. तरीही सोसत नसेल तर गोळी बदलून मागा, बंद करू नका.

उलट, लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होत असेल, तर ते जठरातलं किंवा आतड्यातलं रक्त असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाअभावी घसरत असेल, तर ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर भागवू नका. पाळीतून जाणारं रक्त आता नाही, मग ते कुठून जातंय, हे आतड्यात पाहावं लागतं.

महिन्याच्या चक्राबरोबर फिरणारं पोट

पाळीआधीच्या आठवड्यात पोट जड, फुगलेलं, साफ न होणारं. आणि पाळीच्या पहिल्या दिवशी अचानक जुलाब. हे बहुतेकींनी अनुभवलेलं असतं. चक्राच्या उत्तरार्धात वाढणारं प्रोजेस्टेरॉन आतड्याची चाल मंदावतं, तर पाळी सुरू होताना गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्स शेजारच्या आतड्यालाही आवळतात. यात आजार काही नाही. मात्र दर पाळीत शौचाच्या वेळी जीवघेण्या कळा येत असतील, तर एंडोमेट्रिऑसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं.

सगळ्या तपासण्या नॉर्मल आणि तरी पोट दुखतंच, असं वर्षानुवर्षं चाललं की घरचे म्हणू लागतात, ‘हिचं मनाचं आहे.’ हा बऱ्याचदा आयबीएस नावाचा खराखुरा आजार असतो, बायकांत तो जास्त दिसतो. तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, शौचाची वारंवारता किंवा स्वरूप बदललेलं, आणि हे सुरू होऊन सहा महिने झालेले, असा त्याचा ढोबळ निकष. तो जिवावर बेतत नाही, त्याचा कर्करोग होत नाही. ताणानं तो वाढतो हे खरं, पण म्हणून ते नाटक नव्हे. आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं मेंदूशी सतत बोलत असतं. इसबगोलसारखा मऊ चोथा, ठरावीक वेळी जेवण, आणि आपल्याला नेमकं काय बाधतं याचा शोध, यावर तो आटोक्यात राहतो. दोन आठवडे दूध बंद करून पाहिल्यावर अनेकींना उत्तर सापडतं. दुधातली साखर पचत नसली तरी दही-ताक बहुधा चालतं.

पित्ताशयाचं पुन्हा थोडं

खडे बायकांत जास्त होण्यामागे हार्मोन्स आहेत. इस्ट्रोजेनमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय नीट रिकामं होत नाही. गरोदरपणात दोन्ही एकदम. झपाट्यानं वजन उतरवणारे ‘क्रॅश डाएट’ही खडे करतात. तळकट जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात किंवा उजवीकडे येणारी, पाठीत-उजव्या खांद्यापर्यंत जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी कळ ही त्यांची खूण. काहीच त्रास नसताना सोनोग्राफीत खडा दिसला तर सहसा शस्त्रक्रियेची घाई नसते. एकदा कळा सुरू झाल्या की मात्र दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हाच खात्रीचा उपाय. मूतखड्यासारखे हे खडे पाणी पिऊन पडत नाहीत; तसं सांगून काढे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. कळ, ताप आणि कावीळ एकत्र आली तर थेट रुग्णालय.

उपवासाबद्दल एवढंच, की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच. त्यावर तूप, दाण्याचं कूट आणि बटाटा, मग दिवसभर चहा. नवरात्राच्या नऊ दिवसांत बद्धकोष्ठता आणि जळजळ एकदम होते यात नवल नाही. राजगिरा, रताळं, काकडी, केळं, ताक यांवर उपवास करा. भगर धुऊन शिजवा. तिचं सुटं, जुनं पीठ आणू नका. त्यानं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दर सणाला वाचतो.

‘गॅसच असेल’ असं म्हणायचं नाही तेव्हा

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणं: हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये, त्यातही मधुमेह असलेल्या बायकांमध्ये, तो ‘गॅस’च्या वेषात येतो. ओवा चावत बसू नका, १०८ ला फोन करा.

पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे पोट नव्यानं फुगू लागलं, चार घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला वारंवार जावं लागतं आणि हे महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होतं, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शंका आधी फिटली पाहिजे. त्यासाठी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी असते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या त्रासाला आयबीएस म्हणून मोकळं होणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा विचारायची भीड बाळगू नका.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, हेही थांबण्याचे विषय नाहीत. संध्याकाळी बारीक ताप, भूक मेलेली आणि पोटदुखी असं असेल तर आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही लक्षात घ्यावा लागतो.

स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतंच. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख जिथे मांडता, त्याच चौकोनात पुढचे चार आठवडे रोज एक खूण करा: जळजळ झाली तर ज, दुखलं तर द, पोट साफ झालं तर बरोबरची खूण, पाळीच्या दिवसाला गोल. रात्री जेवण किती वाजता झालं तेही टिपा. महिना संपला की ते पान फाडून पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा.